तेल महागणार म्हणून रिटायरमेंटची पुंजी हलवायची का?

नमस्कार ताई,

तुमचा मेल दोनदा वाचला, दुसऱ्यांदा कागद पेन घेऊन. प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकत असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुमचं वय ४४, मिस्टरांचं ४७. तुम्ही शिक्षिका, ते तेलविहिरींना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत. घरात येणाऱ्या दर १०० मधले ६० त्यांच्या पगारातून येतात, महिन्याअखेर १५ शिल्लक पडतात आणि ९ गाडीच्या पेट्रोलमध्ये जातात. भाव वाढला की तुमचा जीव जळतो. तुमचं म्हणणं असं की तेल आज ना उद्या संपणार, सरकारं पर्यायी ऊर्जेकडे वळणारच, तर रिटायरमेंटच्या पुंजीतले १०० मधले ४० काढून क्लीन एनर्जी फंडात टाकू आणि ५ वर्षं जुनी पेट्रोल गाडी विकून कर्जावर इलेक्ट्रिक घेऊ. मिस्टर म्हणतात तेल कुठे जात नाही, तेच ४० तेल कंपन्यांच्या शेअर्समध्ये घालू, डिव्हिडंड मिळेल आणि पेट्रोल महागलं की शेअरही वाढतील, म्हणजे एका हाताने गेलं ते दुसऱ्या हाताने परत येईल. दोन महिने घरात हाच विषय चालू आहे.

उत्तर आधी सांगतो आणि मग कारणं. ४० दोन्हीकडे नकोत. गाडी आत्ता नको. पण मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, जी तुमच्या मेलमध्ये एका ओळीत येऊन गेली, ती म्हणजे तुमच्या घराचं निम्म्याहून जास्त उत्पन्न आजच तेलावर चालतं आणि हाताशी इमर्जन्सी फंड फक्त ३ महिन्यांचा आहे.

मिस्टरांच्या बाजूने आधी बोलतो कारण त्यांचा विचार वरवर बघता बिनचूक वाटतो. पेट्रोल महागलं की तेल कंपन्या कमावतात हे खरंच आहे. एक्सॉन ह्या अमेरिकन तेल कंपनीने २०२० मध्ये २२ अब्ज डॉलरच्या वर तोटा दाखवला आणि २०२२ मध्ये जवळपास ५६ अब्ज डॉलर नफा, कंपनी तीच, विहिरी त्याच, मधे फक्त भाव फिरला. पण तुमचा पेट्रोलचा खर्च १०० मधला ९ आहे आणि पगार १०० मधला ६०. भाव वाढला तर त्या ९ ला चटका बसतो, भाव पडला तर ६० धोक्यात येतात, मग विमा नक्की कशाचा काढायचा? २०१४ च्या जूनमध्ये ब्रेंट (जगात भाव ठरवायला धरतात ते कच्चं तेल) पिंपाला ११५ डॉलर होतं, २०१६ च्या जानेवारीत ३० च्या खाली गेलं, आणि अमेरिकेत चालू असलेल्या ड्रिलिंग रिग, म्हणजे विहिरी खोदणारी यंत्रं, २०१४ च्या अखेरीच्या १९०० च्या वरून २०१६ च्या मेपर्यंत ४०० च्या आसपास आल्या. रिग बंद म्हणजे सुटे भाग बंद. तुमच्या मिस्टरांच्या कंपनीसारख्या कंपन्यांना असा मार तेल कंपनीच्याही आधी बसतो, कारण भाव पडला की तेल कंपनी सगळ्यात आधी नवीन खोदकाम थांबवते, जुन्या विहिरीतून तेल काढणं चालूच ठेवते. अशा वेळी शेअर पडलेले, डिव्हिडंड कापलेला (शेल ह्या तेल कंपनीने २०२० मध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदा डिव्हिडंड कमी केला) आणि नोकरीवर टांगती तलवार, हे तिन्ही एकाच महिन्यात येऊ शकतं. तेलही गेलं तूपही गेलं ही म्हण इथे अक्षरशः लागू पडेल.

ह्यात नॉर्वेकडे बघा. त्या देशाच्या उत्पन्नाचा मोठा भाग तेल आणि गॅसवर, म्हणजे तुमच्या घरासारखीच परिस्थिती, फक्त आकडे मोठे. त्यांनी काय केलं तर तेलाचा पैसा १९९६ पासून एका फंडात टाकायला सुरुवात केली, तो सगळा देशाबाहेर गुंतवला, जगभरच्या हजारो कंपन्यांमध्ये थोडाथोडा, आणि खर्चाला दरवर्षी फंडाच्या सरासरी ३ टक्क्यांच्या आसपासच काढायचे असा नियम घालून घेतला. २०१९ मध्ये तर फक्त तेल शोधण्याचं आणि काढण्याचं काम करणाऱ्या कंपन्यांचे शेअर विकायचं ठरवलं. त्यांचा तेलावरचा विश्वास उडाला म्हणून नाही, आपलं उत्पन्न आधीच तेलातून येतं तर बचतही तेलात कशाला, एवढंच साधं कारण. मिस्टरांना ह्या मेलमधला एवढा परिच्छेद जरूर वाचायला द्या.

आता तुमची बाजू. तुमच्या मेलमधून कळकळ दिसते आणि जग कुठल्या दिशेला जातंय ते तुम्ही बरोबर ओळखलंय असं मला मनापासून वाटतं. पण दिशा बरोबर ओळखली म्हणून पैसे मिळतातच असं नाही, आणि ह्या क्षेत्रात तर हे इतक्या वेळा झालंय की मी क्लायंटला पहिल्या मीटिंगलाच सांगतो. सोलर पॅनलची किंमत २०१० ते २०२० मध्ये सुमारे ९० टक्के उतरली. वापरणाऱ्याला ह्याहून चांगली बातमी काय असेल, पण विकणाऱ्याच्या बाजूने बघा, ज्या मालाचा भाव दरवर्षी कोसळतोय तो बनवायचा धंदा किती अवघड असेल. जर्मनीची क्यू-सेल्स एकेकाळी सोलर सेल बनवणारी जगातली सगळ्यात मोठी कंपनी होती, २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. चीनची सनटेक पॅनलमध्ये अशीच पहिल्या नंबरवर, २०१३ मध्ये तिने बाँडचे पैसे बुडवले. दोन्ही कंपन्यांचा सूर्यावरचा भरवसा चुकला नव्हता, जगाने सोलर घेतलंच, फक्त नफा त्यांच्या वाट्याला आला नाही. आणि हे जुनं झालं म्हणाल तर अलीकडचं बघा, २०२३ मध्ये जगात तोवरची सगळ्यात जास्त सोलर क्षमता बसवली गेली आणि एस अँड पी चा ग्लोबल क्लीन एनर्जी इंडेक्स, म्हणजे अशा कंपन्यांच्या शेअर भावांचा निर्देशांक, त्या वर्षाच्या अखेरीला २०२१ च्या जानेवारीतल्या शिखराच्या निम्म्याच्या आसपास होता. व्याजदर वाढले हे त्यातलं मोठं कारण. पवनचक्की किंवा सोलर प्रकल्पाला इंधन फुकट पण सगळा खर्च सुरुवातीलाच, तो बहुतेक कर्जावर, म्हणजे व्याज वाढलं की गणितच बिघडतं. हा फंड घेणारा माणूस ऊर्जेवर पैसे लावतोय असं समजतो आणि नकळत व्याजदरावर लावून बसतो.

तेल संपणार म्हणून भाव चढतच जाणार, ह्या गृहीतकावर मी तरी पुंजी ठेवणार नाही. १९५६ मध्ये हबर्ट नावाच्या भूगर्भतज्ज्ञाने सांगितलं होतं की अमेरिकेचं तेल उत्पादन १९७० च्या आसपास शिखर गाठेल, आणि गाठलंही, सगळ्यांना वाटलं आता उतरणच. मग शेल नावाच्या खडकातून (कंपनी नव्हे) तेल काढायचं तंत्र आलं आणि २०१८ मध्ये अमेरिकेने १९७० चा विक्रम मोडला. भाव चढला की महागड्या जागचं तेलही परवडायला लागतं, पुरवठा वाढतो, लोक वापर कमी करतात आणि भाव परत खाली येतो. अरब देशांच्या १९७३ च्या तेल निर्यातबंदीत ३ डॉलरचं पिंप काही महिन्यांत १२ च्या आसपास गेलं, इराणच्या क्रांतीनंतर आणखी चढलं आणि १९८६ मध्ये धाडकन आपटलं. २००८ च्या जुलैमध्ये १४७, डिसेंबरमध्ये ४० च्या खाली. २० एप्रिल २०२० ला तर अमेरिकन तेलाचा मे महिन्याचा सौदा उणे ३७ डॉलरवर बंद झाला, म्हणजे घेऊन जा आणि वर पैसे घ्या अशी वेळ, आणि दोन वर्षांच्या आत ब्रेंट १३० च्या वर. आणि पंपावरच्या भावाचं तर आणखी वेगळंच, त्यात कर मिसळलेला असतो त्यामुळे पिंप स्वस्त झालं तरी पंपावर तेवढं उतरत नाही.

राजकारणाबद्दल तुम्ही लिहिलंय की आता कुठलंच सरकार मागे फिरणार नाही. ताई, फिरतात हो. अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी १९७९ मध्ये व्हाईट हाऊसच्या छतावर पाणी तापवायची सोलर पॅनलं बसवली, २००० सालापर्यंत देशाची २० टक्के ऊर्जा सूर्यासारख्या स्रोतांतून यावी असं ध्येय जाहीर केलं, आणि १९८६ मध्ये, रेगन यांच्या काळात, छताच्या दुरुस्तीला ती पॅनलं उतरवली ती परत चढवलीच नाहीत. तेल त्याच वर्षी स्वस्त झालं होतं हे लक्षात घ्या. स्पेनने २००७ च्या सुमारास सोलर विजेला इतका चढा दर कबूल केला की लोकांनी धडाधड प्रकल्प उभे केले, मग सरकारच्या तिजोरीला झेपेना म्हटल्यावर २०१० पासून दर कापत गेले, आधीच उभ्या असलेल्या प्रकल्पांचेही, आणि गुंतवणूकदार वर्षानुवर्षं लवादात भांडत बसले. फ्रान्समध्ये २०१८ ला इंधनावरचा कर वाढवणार म्हटल्यावर पिवळी जॅकेट घालून लोक रस्त्यावर आले आणि सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. जर्मनीने २०२३ च्या डिसेंबरमध्ये इलेक्ट्रिक गाडीची सबसिडी एका शनिवार-रविवारात बंद केली, पुढच्या वर्षी विक्री पाव भागाने घटली. अमेरिकेतली ७५०० डॉलरची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. बीपी ह्या ब्रिटिश तेल कंपनीने २०२० मध्ये २०३० पर्यंत तेल-गॅसचं उत्पादन ४० टक्के कमी करू म्हटलं, २०२३ मध्ये ते २५ वर आणलं, २०२५ मध्ये तेही सोडून दिलं. धोरण पुढे सरकतं पण दर निवडणुकीला दोन पावलं मागेपुढे करत, आणि तुमच्या रिटायरमेंटला उरलेली १४-१६ वर्षं ते हेलकावे पचवायला पुरेशी नाहीत.

गाडीचा हिशोब तुम्ही दिलेल्या आकड्यांवरच केलाय. पेट्रोल ९, घरी चार्जिंग केलं तर ३, म्हणजे ६ वाचतात. जुन्या गाडीचे पैसे वजा करून उरलेल्या कर्जाचा हप्ता १४, ५ वर्षं. म्हणजे दर महिन्याला ८ जास्तीचे खिशातून जातात आणि तुमची १५ ची शिल्लक ७ वर येते. पेट्रोल उद्या दुप्पट झालं आणि वीज आहे तिथेच राहिली तरी वाचणार १५ आणि हप्ता १४, जेमतेम बरोबरी. सर्व्हिसिंगचा खर्च इलेक्ट्रिकला कमी येतो, तो धरला तर चित्र जरा बरं दिसेल, पण बॅटऱ्याही दरवर्षी स्वस्त होतायत म्हणजे आज घेतलेल्या गाडीची रिसेल किंमत पटकन उतरते, तेही धरायला हवं. माझा मुद्दा इलेक्ट्रिक गाडीविरुद्ध नाही अजिबात, मोटर विजेचा ८० टक्क्यांच्या वर भाग चाकापर्यंत नेते, पेट्रोल इंजिन २०-३० टक्क्यांच्या पुढे क्वचित जातं, त्यामुळे तंत्र म्हणून कुणी वाद घालूच नये. मुद्दा वेळेचा आहे. चांगली चालणारी गाडी मोडून नवीन घेतली तर तुम्ही पूर्ण गाडीची किंमत मोजता, जुनी गाडी संपल्यावर घेतली तर इलेक्ट्रिक आणि पेट्रोलच्या किमतीतला फरक तेवढा मोजता, आणि तो फरक ६ च्या बचतीत लवकर भरून निघतो. तुमची गाडी अजून ४ वर्षं सहज जाईल असं तुम्हीच लिहिलंय. तोवर आठवड्यातून दोन दिवस शाळेतल्या सहकाऱ्यांबरोबर एका गाडीने गेलात तर त्या ९ मधले २ तरी वाचतील, हातचा नफा आहे तो, बाजार काहीही करो.

छतावर सोलर बसवायचं मधेच विचारलंय. छत स्वतःचं असेल आणि कर्ज न काढता जमत असेल तर विचार करा, पण हिशोब करताना फक्त स्वतः वापरणार तेवढीच युनिटं धरा. ग्रिडला विकलेल्या विजेचा दर सरकारच्या हातात असतो, कॅलिफोर्नियात २०२३ मध्ये नवीन ग्राहकांसाठी तो सुमारे ७५ टक्क्यांनी खाली आणला.

मग करायचं काय. घरच्या अत्यावश्यक खर्चाला तुम्ही महिन्याला ६० लागतात म्हटलंय, तर इमर्जन्सी फंड ३ महिन्यांवरून ९ महिन्यांवर न्यायचा, म्हणजे ३६० कमी पडतात. शिल्लक १५ मधले १२ तिकडे लावले तर अडीच वर्षं, मिस्टरांचा बोनस त्यात टाकला तर लवकर. उरलेले ३ आणि पेट्रोलमधून वाचलेले २ गाडीच्या वेगळ्या खात्यात, फंड पूर्ण झाला की ते १२ सुद्धा तिकडेच. रिटायरमेंटची पुंजी आहे तशी सर्वसमावेशक इंडेक्स फंडात (सगळ्या क्षेत्रांतल्या कंपन्यांत थोडेथोडे पैसे लावणारा फंड) राहू दे, त्यात तेल कंपन्याही आहेत आणि वीज, बॅटरी, वाहनवाल्याही, म्हणजे तुम्ही दोघं ज्यावरून वाद घालताय ते दोन्ही थोडंथोडं तुमच्याकडे आधीपासून आहे. तेल कंपन्यांचे वेगळे शेअर शून्य, जोपर्यंत मिस्टर ह्या नोकरीत आहेत तोपर्यंत. क्लीन एनर्जी फंड हवाच असेल तर पुंजीच्या ५ टक्क्यांपर्यंत, जुने पैसे न हलवता नवीन हप्त्यातून महिन्यामहिन्याला, आणि तो नफ्यासाठी नाही तर पगार तेलावर आहे म्हणून दुसऱ्या बाजूला ठेवलेलं थोडं वजन समजून. २०२० मध्ये तेल पडलं तेव्हा हे फंड चढले होते, २०२२ मध्ये उलटं झालं, दर वेळी असंच होईल असं मी म्हणणार नाही पण तुमच्या घरासाठी एवढं कारण पुरे आहे.

मिस्टरांना एकदा विचारून घ्या की २०१६ आणि २०२० मध्ये त्यांच्या कंपनीत किती लोक कमी केले होते आणि नोटीस किती दिवसांची मिळाली होती. त्या उत्तरावर ९ महिने पुरेत की १२ लागतील ते ठरेल, मला कळवा, मग हप्त्यांचं वेळापत्रक पक्कं करून देतो.