'मनोरुग्ण' म्हणावं का?

सिंधुदुर्गात इंटर्नशिप करणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे : वॉर्डात सगळे सर्रास 'सायको पेशंट' म्हणतात, ते खटकतं. नातेवाइकांशी बोलताना 'मनोरुग्ण' म्हणू की 'मनोविकारग्रस्त'?

माझ्या मते दोन्ही नकोत. 'रुग्ण' हा 'रुज्' धातूपासून आला; मूळ अर्थ मोडलेला. 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला, ग्रहणातल्या सूर्यासारखा. एरवी हे अर्थ कोणाच्या मनात येत नाहीत, साधा ताप आलेलाही 'रुग्ण'च. पण आधी 'मनो' लागलं की ते त्या माणसाचंच नाव होऊन बसतं. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, म्हणून आमच्याकडे 'रत्नागिरीला पाठवा' ही शिवी झाली.

वाट मराठीच्या व्याकरणातच आहे. मला ताप आला, तिला मधुमेह आहे, त्याला कावीळ झाली. आजार कर्ता, माणूस चतुर्थीत. आजार येतो, होतो, लागतो. म्हणून तो जाऊही शकतो. मनाच्या आजाराला मात्र आपण वाक्यच फिरवतो : 'तो वेडा आहे', मालवणीत 'तो खुळो'. आता जायचं कोणी?

ओपीडीत घाबरलेली आई म्हणते, "तेका भायरचा कायतरी लागलाहा." शिकाऊ डॉक्टर यावर हसतात, याचं मला फार वाईट वाटतं. कारणाबाबत ती चुकते, पण तिच्या वाक्यात तिचा मुलगा शाबूत आहे. 'सायको' म्हणणाऱ्याच्या वाक्यात तो उरलेला नाही. कायद्यालाही इथवर यायला वेळ लागला : १९१२ मध्ये 'ल्युनॅटिक', १९८७ मध्ये 'मानसिक आजारी व्यक्ती' आणि २०१७ मध्ये 'मानसिक आजार असलेली व्यक्ती', अशा अर्थाचे शब्द आले.

शिवाय 'सायको' वैद्यकीयदृष्ट्याही चूक. सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, हा मनाच्या आजारांचा फक्त एक प्रकार. नैराश्य वेगळं, मंत्रचळ (तोच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा) वेगळा. एमबीबीएसला मनोविकारशास्त्राचा स्वतंत्र पेपर नसतो, त्यामुळे वॉर्डात कानावर पडलेला शब्दच पुढे आयुष्यभर टिकतो.

तेव्हा आजाराचं नेमकं नाव घ्या आणि चतुर्थी सोडू नका : 'तुमच्या मुलाला नैराश्याचा आजार आहे.' निदान अजून व्हायचं असेल, तर 'मनाचा आजार' पुरे. मग ती आई विचारील, "बरो होतलो मा?" (बरा होईल ना?) 'खुळो' म्हटल्यावर हा प्रश्न विचारलेला मी अजून ऐकलेला नाही.