पिल्लांचे पाय: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : थर्माकोलच्या पेटीत गावठी कोंबडीची ३० अंडी लावली होती, २२ पिल्लं निघाली. तिघांचे पाय दोन बाजूंना फाकलेत, उभी करायला गेलं की बेडकासारखी पसरतात. एकाची बोटं आत वळली आहेत. खाली पेपर अंथरलाय. मधे लाईट बऱ्याचदा गेली होती. – एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : आधी तो पेपर काढा. गुळगुळीत कागदावर ओल्या पिल्लाची पकड बसत नाही, पाय सटकत राहतात आणि कोवळे सांधे तसेच वळतात. पहिले दोन-तीन दिवस खडबडीत गोणपाट घाला, भाताचं तूस त्यानंतर. लगेच तूस टाकलं तर पिल्लं तेच टिपत बसतात.

फाकलेले पाय आजच बांधा. जखमेवर लावायची चिकटपट्टी उभी कापून अरुंद करा, मधली गादी दोन पायांच्या मधे येऊ द्या आणि टोकं एकेका पायाला गुंडाळा. पट्टी बोटांच्या वर, पण सांध्याच्या खाली हवी. दोन पायांत पाऊण ते एक इंच अंतर ठेवा. त्याहून जवळ आणले तर पिल्लू तोंडावर पडतं. दोरा वापरू नका, तो कातडीत रुततो. बोटं सुजली किंवा निळसर दिसली तर पट्टी घट्ट झाली आहे, सोडून पुन्हा बांधा. रोज एकदा काढून पिल्लू चालतं का बघा. पहिल्या दोन दिवसांत बांधलं तर बहुतेक पिल्लं दोन ते चार दिवसांत सावरतात. आठवडा उलटल्यावर बांधण्यात फारसा अर्थ नसतो.

बांधलेलं पिल्लू पाण्यात पडून मरतं, पायानं नव्हे! पाणी उथळ झाकणात द्या, त्यात खडे टाका. इतर पिल्लं चोची मारत असतील तर एका शांत सोबत्याबरोबर त्याला वेगळं ठेवा.

वळलेल्या बोटांसाठी पुठ्ठ्याचा छोटा तळवा कापा, बोटं त्यावर सरळ पसरून चिकटपट्टीनं बसवा आणि दोन दिवस राहू द्या.

पुढच्या खेपेला पंख्याच्या पेटीत ३७.५ अंश सांभाळा. शेवटचे तीन दिवस आर्द्रता ६५ ते ७० टक्के हवी आणि त्या दिवसांत झाकण उघडू नका. लाईट गेली तर पेटीवर गोधडी टाका, मात्र हवेची भोकं बुजवू नका.

प्रश्न : बारा दिवसांची पिल्लं मागच्या सांध्यांवर बसूनच सरकतात, बोटं मुठीसारखी मिटलेली. खाणं मात्र चांगलं आहे. जोंधळ्याच्या कण्या देतो. – एक वाचक, निपाणी

उत्तर : हे बी२ जीवनसत्त्व (राइबोफ्लेविन) कमी पडल्याचं लक्षण दिसतं. नुसत्या कण्यांवर ते भागत नाही. पिल्लांचं तयार स्टार्टर खाद्य सुरू करा. औषध घेताना लेबलवर ‘राइबोफ्लेविन’ शब्द शोधा. दुकानात सर्रास मिळणाऱ्या काही व्हिटॅमिन सिरपांत अ, ड३, ई आणि बी१२ एवढंच असतं, त्याचा इथं उपयोग नाही. औषध मिळेपर्यंत उकडलेलं अंडं कुस्करून किंवा शिजवलेली कलेजी बारीक चिरून द्या. उशीर झाला की नसा कायमच्या जातात आणि बोटं उघडत नाहीत.

मागचा सांधा जाड, चपटा होऊन पाय बाहेर फिरला असेल तर ते वेगळं दुखणं: सांध्यामागची शीर (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) जागेवरून सरकलेली असते. ती बांधून क्वचितच बसते, तेव्हा असं पिल्लू पशुवैद्यकाला दाखवा.