शेजारच्या त्र्यंबकवर नाही, मग माझ्याच लोकवनवर तांबेरा का?

बांध एक, पाणी एक, पेरणीत चार दिवसांचा फरक. तरी तुमच्या लोकवन गव्हावर तांबेरा हा बुरशीचा रोग आणि शेजारचा त्र्यंबक वाणाचा गहू हिरवागार. दोष हवेचा की वाणाचा, हा तुमचा प्रश्न. रोग अंगाला लागू द्यायचा की नाही हे वाण ठरवतो. लागल्यावर तो किती वेगाने शिवार घेणार, हे हवा ठरवते.

आधी रोग नक्की करा. पानावर विखुरलेल्या नारंगी-तपकिरी पुटकुळ्या असतील आणि बोट फिरवल्यावर विटकरी भुकटी बोटाला लागत असेल, तर तो पानावरचा तांबेरा. खोडावर लांबट फोड, त्यांच्या कडेला फाटून उचललेली साल आणि पुढे काळपट रंग, हा खोडावरचा तांबेरा. तोच जास्त घातक, कारण दाण्याकडे जाणारा रस मध्येच तुटतो आणि गहू चिरमटतो. भुकटी लागत नसेल आणि पान नुसतंच पिवळं असेल, तर नत्राची कमतरता किंवा साचलेलं पाणी तपासा. पिवळ्या तांबेऱ्याला साधारण 10 ते 15 अंशांची थंडी लागते, म्हणून तो पंजाब-हिमाचलकडे त्रास देतो, आपल्या मैदानी भागात सहसा नाही.

आपल्या उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू, म्हणजे तीच विटकरी भुकटी, शेतात टिकत नाहीत. खोडावरचा तांबेरा दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या डोंगरांवर तग धरतो आणि वाऱ्या-पावसाबरोबर दरवर्षी नव्याने इकडे येतो; पीकरोगांचे अभ्यासक करमचंद मेहता यांनी हे 1940 च्या आसपासच दाखवून दिलं होतं. म्हणजे बीजाणू शेजाऱ्याच्या पानावरही पडलेच. पानावरच्या तांबेऱ्याला 15 ते 25 अंश तापमान आणि पान सहा-आठ तास ओलं मिळालं की तो आत शिरतो आणि आठ-दहा दिवसांत नवी भुकटी बाहेर टाकतो. जानेवारीत ढगाळ हवा, दव आणि एखादी अवकाळी सर आली, की अशा दोन-तीन फेऱ्यांत शेत तांबडं दिसू लागतं. खोडावरच्या तांबेऱ्याला याहून जास्त ऊब मानवते. म्हणूनच डिसेंबरात पेरलेला गहू त्याच्या तावडीत जास्त सापडतो: फेब्रुवारी-मार्चच्या उबेत त्याचे दाणे अजून चिकात असतात. बागायती गहू 1 ते 15 नोव्हेंबरदरम्यान पेरला, तर तो त्या आधी बराच पुढे गेलेला असतो.

आता वाण. लोकवन दाण्याला चांगला, बाजारात मागणी, पण तांबेऱ्याला लवकर बळी पडतो. त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती हे वाण तांबेरा-प्रतिकारक म्हणून शिफारस झालेले आहेत. मात्र ही प्रतिकारशक्ती कायमची नसते. पंजाबात गाजलेला पीबीडब्ल्यू 343 पिवळ्या तांबेऱ्याच्या नव्या जातीपुढे असाच नमला, कारण सगळीकडे तोच पेरलेला होता. म्हणून मी तरी सगळं रान एकाच वाणाखाली घेऊ नका असंच सांगेन.

यंदासाठी: पहिल्या पुटकुळ्या दिसताच प्रोपिकोनॅझोल 25 ईसी हे बुरशीनाशक, लिटरला 1 मिली. 15 लिटरच्या पंपाला 15 मिली, एकराला साधारण 200 लिटर पाणी. फवारा खालच्या पानांपर्यंत पोचला पाहिजे, चूक बहुतेक तिथेच होते. गरज पडल्यास 15 दिवसांनी दुसरी फवारणी. दाणा कडक होऊ लागल्यावर फवारून पैसे वाया जातात. शेवटची फवारणी आणि काढणी यांतलं अंतर लेबलवर बघा. तुषार सिंचन असेल तर ते संध्याकाळी लावू नका, पान रात्रभर ओलं राहतं. हिरवेपणासाठी युरियाचा जास्तीचा हप्ताही नको: दाट, लुसलुशीत पिकात दव उशिरा सुकतं.

ओंबीत दाण्याऐवजी काळी भुकटी दिसली, तर ती काजळी, तांबेरा नव्हे. तिची लागण गेल्या वर्षीच्या फुलोऱ्यात झालेली असते आणि ती बियाण्याच्या आत बसून येते, म्हणून आता फवारणीचा उपयोग नाही. ओंबीवर पिशवी घालून झाड उपटा आणि जाळा, त्या शेताचं बी ठेवू नका. पुढच्या पेरणीला किलोला 2.5 ग्रॅम कार्बोक्झिन 75 टक्के चोळा. थायरमसारखं नुसतं वरून बसणारं औषध दाण्याच्या आत पोचत नाही.