जुन्या वाड्याचा जिना सॉफ्टवेअरमध्ये कसा उतरवावा?

प्रश्न : महाविद्यालयीन प्रकल्पासाठी जुन्या नाशकातील एका दुमजली वाड्याची मोजमापे घेऊन मी त्याचे रेव्हिट या इमारतींची त्रिमितीय मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करत आहे. वाड्याचा जिना भिंतीच्या जाडीत बसवलेला आहे. खालच्या तीन पायऱ्या काळ्या दगडाच्या, वरच्या लाकडी आणि वळणावरच्या तीन त्रिकोणी आहेत. जोत्यापासून माडीपर्यंतची उंची २९७० मिलिमीटर असून रायझर, म्हणजे पायऱ्यांचे उभे चढ, १३ आहेत : दगडी पायऱ्यांचे २०५, २५० व २१५, पुढचे ९ प्रत्येकी २२५ आणि माडीला टेकणारा शेवटचा २७५. सॉफ्टवेअर मात्र सगळे रायझर सारखेच करते. यावर उपाय काय? — वास्तुकलेची विद्यार्थिनी, जुने नाशिक

उत्तर : रेव्हिटचे जिन्याचे टूल नव्या बांधकामासाठी घडवलेले आहे. ते एकूण उंचीला रायझरच्या संख्येने भागते आणि येणारा आकडा प्रत्येक पायरीला देते. आपल्या जिन्यात तो आकडा सुमारे २२८.५ येईल. पहिल्या दोन पायऱ्यांनंतर हा हिशेब प्रत्यक्षाशी जवळजवळ जुळतो, त्यामुळे चूक पटकन ध्यानात येत नाही; परंतु बाराव्या रायझरनंतरची पायरी वाड्यात २६९५ वर असताना मॉडेलमध्ये ती सुमारे २७४२ वर दिसते. म्हणजे वरच्या तुळईखाली डोक्याला मिळणारी मोकळी उंची कागदावर सुमारे ४७ मिलिमीटरने कमी होते. मुळात जेमतेम उंची असलेल्या जिन्यात हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. स्केच पद्धतीने जिना काढताना रायझरच्या रेषा आपण हव्या तशा तिरप्या, वाकड्या किंवा कमी-जास्त अंतरावर काढू शकता. त्यामुळे वळणावरच्या त्रिकोणी पायऱ्यांची अडचण येत नाही. नकाशातली अनियमितता हे टूल स्वीकारते, उंचीतली स्वीकारत नाही. म्हणून जिना जेथे उंची बदलते तेथे तोडावा.

आपले ९ लाकडी रायझर समान असल्याने तेवढा भाग टूलनेच करावा. त्याचा बेस ऑफसेट, म्हणजे जोत्यापासून सुरुवातीची उंची, ६७० ठेवावा आणि माथा २६९५ वर आणावा. मात्र त्याआधी जिन्याच्या टाइपची, म्हणजे त्याच्या ठरावीक मापांच्या संचाची, नक्कल करून तिच्यात रायझरची कमाल उंची २३० करावी. मूळ टाइपमधली मर्यादा १९० च्या आसपास असल्यास सॉफ्टवेअर आपल्या परीने रायझरची संख्या वाढवू पाहते. खालच्या तीन दगडी पायऱ्या फ्लोअर, म्हणजे फरशीच्या टूलने, स्वतंत्र काढाव्यात आणि त्यांचे माथे अनुक्रमे २०५, ४५५ व ६७० वर ठेवावेत. लाकडी भागाची सर्वांत वरची पायरी टूलमध्ये उमटली नाही, तर तीही फ्लोअरनेच काढावी. २७५ च्या शेवटच्या रायझरसाठी वेगळे काही करावे लागत नाही, कारण तो माडीच्या तक्तपोशीच्या कडेने आपोआप तयार होतो.

या मार्गाची किंमतही सांगितली पाहिजे. फ्लोअरने केलेल्या पायऱ्या फरशीच्या परिमाणपत्रकात मिसळतात, म्हणून त्यांच्या टाइपला वेगळे नाव देऊन पत्रकात तसा फिल्टर लावावा. नकाशातला चढाचा बाण आणि जिना कापल्याची तिरपी रेषा त्या भागावर येत नाही. ती हाताने काढावी. कठडा लावायचा असल्यास तो अशा तुकड्यांवरून सलग उतार घेत नाही, त्यासाठी पायऱ्यांच्या कडेने स्वीप (एक छेद रेषेवरून ओढून केलेला आकार) काढणे सोयीचे पडते. संपूर्ण जिना मॉडेल इन-प्लेसने, म्हणजे तयार टूलशिवाय जागेवरच आकार घडवून, करण्याचा सल्ला आपल्याला अनेक जण देतील. एखाद्या कोरीव दगडासाठी तो ठीक आहे. पण सबंध जिना तसा केला, तर पुढे एक मोजमाप बदलताना सगळा घाट पुन्हा घालावा लागतो, म्हणून मी तो शेवटचा पर्याय मानतो. स्केचअप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना ही अडचण येतच नाही, कारण तेथे प्रत्येक पायरी स्वतंत्र ग्रुप करून हवी तेवढी उचलता येते. मात्र पायऱ्या मोजून देणारे टूलही तेथे हाताशी नसते.

उंची कशी मोजली, हे आपण लिहिलेले नाही. एकेक रायझर मोजून बेरीज केली असेल, तर प्रत्येक वेळच्या ३ मिलिमीटरच्या चुकीने १३ रायझरमध्ये ३९ मिलिमीटरपर्यंत फरक पडू शकतो. त्यापेक्षा भिंतीवर लेसरने किंवा गवंड्याच्या पाण्याच्या नळीने एकच आडवी रेषा आखून घ्यावी आणि प्रत्येक पायरीचा माथा त्या रेषेपासून मोजावा.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ निवासी इमारतीतील रायझरसाठी कमाल १९० आणि ट्रेडसाठी, म्हणजे पाऊल ठेवण्याच्या रुंदीसाठी, किमान २५० मिलिमीटर सांगते. ते पाहून विद्यमान जिना मॉडेलमध्ये ‘सुधारण्याचा’ मोह कृपया टाळावा. वाड्याचा वापर बदलणार असेल, तर नियमात बसणारा दुसरा जिना नव्या फेजमध्ये, म्हणजे मॉडेलमधील कामाच्या नव्या टप्प्यात, प्रस्तावित करावा आणि जुना विद्यमान फेजमध्ये जसा आहे तसाच राहू द्यावा.

प्रश्न : गोदाघाटावरील दगडी पायऱ्या मधोमध झिजलेल्या आहेत. ही झीज मॉडेलमध्ये दाखवता येते का? — एक ड्राफ्ट्समन, पंचवटी

उत्तर : येते. रेव्हिटमध्ये पायरी फ्लोअरने काढून शेप एडिटिंगमध्ये (पृष्ठभागाचे बिंदू वर-खाली करण्याच्या सोयीत) तिच्या माथ्यावर मधोमध बिंदू द्यावा व तो मोजलेल्या झिजेइतका, समजा १५ मिलिमीटर, खाली घ्यावा. फ्लोअरच्या रचनेत त्या थराला ‘व्हेरिएबल’ची, म्हणजे जाडी बदलू शकते अशी, खूण करणे मात्र आवश्यक आहे, ती नसेल तर माथ्याबरोबर तळही वाकतो आणि दगड वाकलेल्या पत्र्यासारखा दिसू लागतो. थराची जाडी झिजेपेक्षा जास्तच हवी, अन्यथा सॉफ्टवेअर त्रुटी दाखवते. घाटाच्या सगळ्याच पायऱ्यांवर हा खटाटोप करू नये. सर्वसाधारण नकाशासाठी सरळ पायऱ्या पुरतात. दुरुस्तीसाठी जे दगड बदलायचे किंवा पुन्हा बसवायचे आहेत, तेवढ्यांचीच झीज दाखवावी आणि प्रत्येक दगडाला क्रमांक देऊन तोच क्रमांक छायाचित्रावरही लिहावा.