नवरदेव पीत नाही, मग बॅचलर पार्टी कशी करायची?

प्रश्न: आमच्या जिवलग मित्राचं डिसेंबरात लग्न आहे, आम्ही मुंबईचे आठ जण, सगळे गोवा गोवा करतायत पण तो पीत नाही आणि त्याला क्लबचा गोंगाटही नको असतो. काय करू?

उत्तर: अरे मग गोवा सोडा आणि मालवणला जा! पार्टी त्याची आहे ना, मग त्याला आवडेल तेच करायचं, बाकीच्यांनी दोन दिवस जरा गप्प बसायचं. रात्रीची कोकणकन्या पकडा, कुडाळला उतरा, तिथून मालवण तासाभराचा रस्ता. तिकिटं मात्र ६० दिवस आधी बुकिंग उघडतं तेव्हाच काढा, नंतर वेटिंगच मिळतं. तारकर्लीला स्कुबा करा, पावसाळ्यात बंद असतं पण नोव्हेंबरात चालू असतं, फक्त आदल्या रात्री कोणीच प्यायची नाही, आणि दम्याचा वगैरे त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. वर आलात की सुरमईचं ताट आणि सोलकढी, यासाठी हॉटेल शोधत बसू नका, होमस्टेवाल्या काकूंना सकाळीच सांगून ठेवा. रात्री प्रत्येकाने नवरदेवाचा एक किस्सा कागदावर लिहायचा, नाव न टाकता, आणि वाचायचे त्यानेच, कोणी लिहिलाय ते ओळखत ओळखत. जुन्या गर्लफ्रेंडचा विषय नको, व्हिडिओ तर अजिबात नको. पैसे आधीच जमा करा, नवरदेवाकडून एक रुपया घेऊ नका. आणि हळदीच्या आदल्या आठवड्यात मुळीच ठेवू नका, तेव्हा घरी त्याची गरज असते, दोन-तीन आठवडे आधीच उरका.