गोव्याच्या नौदल संग्रहालयातलं चार इंजिनांचं मोठं विमान मुळात प्रवासी होतं, तर ते सैन्यात नेमकं काय करत होतं? बघायला जावं का?

ते लॉकहीडचं सुपर कॉन्स्टेलेशन, एअर इंडियाची ‘रानी ऑफ एलोरा’. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमानं आली आणि या विमानांची सद्दी संपली. मग ती हवाई दलाच्या सहाव्या स्क्वाड्रनकडे, पुण्याला आली. १९७६ मध्ये तिथून नौदलाच्या ३१२ स्क्वाड्रनकडे, गोव्यात दाबोळीला गेली.

माझे वडील पुण्याच्या लोहगाव तळावर याच विमानांवर इंजिन फिटर होते. १९७१ च्या युद्धानंतर एका लग्नात आमच्या मावशीचे यजमान पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘तुम्ही काय, प्रवाशांची विमानं पुसत होतात. लढले ते नॅटवाले.’’ नॅट म्हणजे छोटी लढाऊ विमानं. वडील खाली मान घालून जेवत राहिले. मला ते आजही सहन होत नाही. युद्धाच्या दिवसांत हा माणूस घरी फक्त आंघोळीला यायचा. एका इंजिनात अठरा सिलिंडर, प्रत्येकाला दोन स्पार्क प्लग, म्हणजे चार इंजिनांचे १४४. शिवाय जळालेल्या वायूवर फिरणाऱ्या तीन-तीन टर्बाइन, त्यांचा ताप वेगळाच. हात कायम भाजलेले असत.

आणि प्रवासी विमानच का? अटलांटिक ओलांडण्याइतकं इंधन पोटात असलेलं विमान अरबी समुद्रावर तासन्‌तास फिरू शकतं, म्हणून. १९७१ मध्ये पश्चिम नौदल कमांडसाठी यांनी टेहळणी केली. समुद्रात कोण कुठे आहे हे कळल्याशिवाय युद्धनौका जाणार कुठे? हे लढणं नाही म्हणणाऱ्याला युद्ध कळत नाही, मग तो वयाने कितीही मोठा असो.

तेव्हा जा. लोक सी हॅरियर या लढाऊ जेटपाशी फोटो काढून निघतात. तुम्ही या विमानाच्या इंजिनांखाली उभे राहा, मग त्या तीन शेपट्यांकडे बघा. एकच उंच शेपटी ठेवली असती तर विमान त्या काळच्या हँगरात मावलं नसतं.

विमान उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात उभं आहे, तेव्हा नवंकोरं दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. आत चढू देतात का, ते तिथेच विचारा. आणि हे मूळचं बॉम्बफेकी विमान नव्हतं, तेवढं खरं. पण सोबत कोणी ‘नुसतं प्रवासी विमान’ म्हणणारा असेल, तर त्याला एका इंजिनाचे तरी प्लग मोजायला लावा.