पायाच्या धमन्यांचे विकार आणि बदलते उपचार : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात पायांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद होण्याच्या विकाराचा ओझरता उल्लेख झाला होता, त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रे आली. २०१५ मध्ये जगात सुमारे २३.६ कोटी लोकांना हा विकार होता असा अंदाज आहे, त्यामुळे या प्रतिसादाचे फारसे आश्चर्य वाटायला नको. पत्रांतील समान प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहे. अर्थात, रुग्णाचा पाय प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मताची जागा ही उत्तरे घेऊ शकत नाहीत.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या पायावर पंचवीस वर्षांपूर्वी बायपास झाली होती. आता मोठ्या बहिणीला तोच आजार झाला आहे, पण तिला फुग्याने धमनी उघडून घेण्याचा सल्ला मिळाला आहे. शस्त्रक्रिया आता कालबाह्य झाली आहे का?

उत्तर : नाही. मात्र आपल्याला तसे वाटणे स्वाभाविक आहे, कारण मधल्या काळात वारे खरोखरच त्या दिशेने वाहिले. रुग्णाच्याच पायातली शीर वापरून मांडीच्या धमनीतला अडथळा ओलांडण्याची शस्त्रक्रिया पॅरिसमध्ये झाँ क्युनलँ यांनी १९४८ मध्ये केली आणि पुढची कित्येक दशके तीच मुख्य उपचार राहिली. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी, पाय कापून घ्यायला ठाम नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या एका स्त्रीच्या मांडीतली अरुंद धमनी, कोणताही मोठा चिरा न देता, आतून नळी सरकवून रुंद केली. शल्यविशारदांनी त्यांना बराच काळ गांभीर्याने घेतले नाही. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी झुरिचमध्ये १९७४ मध्ये पायाच्या धमनीसाठी फुग्याची नळी वापरली आणि त्यानंतर ही पद्धत रुळली.

हा बदल रुग्णालयांत किती वेगाने झाला हे अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी विमा योजनेच्या नोंदींतून दिसते. १९९६ ते २००६ या दहा वर्षांत पायांवरील बायपास शस्त्रक्रियांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी घटले, धमनीच्या आतून केलेल्या उपचारांचे प्रमाण तिपटीहून वाढले आणि पाय कापण्याचे प्रमाण २९ टक्क्यांनी कमी झाले. यातील शेवटच्या आकड्याचे सगळे श्रेय फुग्याला देण्याचा मोह पुष्कळांना झाला. मला ते पटत नाही, कारण याच दहा वर्षांत कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांचा वापर वाढला आणि मधुमेहींच्या पायांची काळजीही पूर्वीपेक्षा नीट घेतली जाऊ लागली होती.

अलीकडे मात्र लंबक थोडा परत फिरला आहे. पायाला विश्रांतीतही वेदना होत असलेल्या किंवा जखम न भरणाऱ्या १,८३० रुग्णांवरील बेस्ट-सीएलआय या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. ज्यांच्या पायात बायपाससाठी चांगली अखंड शीर उपलब्ध होती, त्यांच्यापैकी शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यू, घोट्याच्या वर पाय कापावा लागणे किंवा पुन्हा मोठा हस्तक्षेप करावा लागणे यांपैकी काहीतरी ४२.६ टक्क्यांच्या वाट्याला आले, तर आतून उपचार झालेल्यांत हे प्रमाण ५७.४ टक्के होते. चांगली शीर नसलेल्यांत दोन्ही उपचारांमध्ये असा ठळक फरक आढळला नाही. लगेच पुढच्या वर्षी बेसिल-२ ही ३४५ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली आणि तिने उलटाच कौल दिला: गुडघ्याखालच्या धमन्यांवर उपचार लागणाऱ्या रुग्णांत आधी फुगा वापरलेल्यांचे निकाल सरस ठरले, आणि हा फरक मुख्यतः त्या गटात मृत्यू कमी झाल्यामुळे पडला होता.

या दोन चाचण्या एकमेकींना खोडून काढतात असे मी मानत नाही, कारण त्यांतील रुग्ण, धमनीतल्या अडथळ्याची जागा आणि मोजलेले परिणाम हे तिन्ही वेगळे होते. माझ्या मते त्यांचा एकत्रित अर्थ असा, की वयाने फार थकलेला नसलेला, भूल सोसू शकणारा आणि चांगली शीर असलेला रुग्ण पुढ्यात असेल, तर फुगा हाताशी आहे म्हणून बायपासचा विचारच न करणे चूक आहे. हृदय किंवा मूत्रपिंडे दुर्बल असतील तर मात्र पारडे फुग्याकडे झुकते. म्हणून बहिणीच्या डॉक्टरांना ‘शस्त्रक्रिया का नाही?’ असे विचारण्याऐवजी ‘पायातल्या शिरेची सोनोग्राफी करून ती बायपासला योग्य आहे का, हे पाहिले आहे का?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर मिळाले की पुढचा सल्ला समजायला सोपा जातो.

प्रश्न : तीनशे मीटर चालले की पोटरीत गोळा येतो आणि दोन मिनिटे थांबलो की जातो. तपासणीत मांडीच्या धमनीत सत्तर टक्के अडथळा निघाला. पाय जाण्याची वेळ येण्याआधीच अँजिओप्लास्टी करून घ्यावी, असे घरचे म्हणतात. डॉक्टर मात्र नुसते चालायला सांगतात. हा वेळकाढूपणा तर नाही ना?

उत्तर : आपले डॉक्टर योग्य सांगत आहेत. अहवालात टक्क्यांचा आकडा वाचला की माणूस घाबरतो हे खरे, परंतु पायाच्या बाबतीत उपचार त्या आकड्यावर ठरत नसून त्रास किती आहे यावर ठरतो. फक्त चालताना दुखणाऱ्यांपैकी पाच वर्षांत पाय कापण्याची वेळ येणाऱ्यांचे प्रमाण साधारण ५ टक्क्यांहून कमी असते, आणि तंबाखू सोडून रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवणाऱ्यांत ते आणखी कमी होते. या रुग्णांना खरा धोका पायाचा नसून हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा असतो, आणि तो धोका मांडीत फुगा फुगवून टळत नाही. आजार बळावू नये एवढ्याच हेतूने अँजिओप्लास्टी करू नये, असे अमेरिकेतील हृदयरोग संघटनांच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. उघडलेली धमनी काही काळाने पुन्हा अरुंद होऊ शकते, आणि मग पुन्हा उघडण्याचे सत्र सुरू होते.

‘नुसते चालणे’ हा शब्दप्रयोग मात्र मला मान्य नाही. देखरेखीखालील व्यायाम हा एक उपचार आहे आणि त्याला ठरलेली मात्रा आहे: आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी ३० ते ६० मिनिटे, किमान १२ आठवडे. पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचे, दुखणे जाईपर्यंत थांबायचे आणि पुन्हा निघायचे. अशाने स्नायू मिळालेला प्राणवायू अधिक काटकसरीने वापरायला शिकतात. कमरेजवळच्या धमनीत अडथळा असलेल्या रुग्णांच्या क्लेव्हर या चाचणीत (२०१२) सहा महिन्यांनंतर चालण्याच्या क्षमतेत स्टेंटपेक्षा (धमनी उघडी ठेवण्यासाठी आत बसवलेल्या जाळीच्या नळीपेक्षा) देखरेखीखालील व्यायामाने अधिक सुधारणा झाली. मेडिकेअरने २०१७ पासून अशा ३६ सत्रांचा खर्च द्यायला सुरुवात केली. तरीही हा उपचार रुग्णालयांत अजून उपेक्षित आहे, आणि याचे एक कारण सांगायला मला संकोच वाटत नाही: चालवून घेण्यापेक्षा नळी घालण्याचा मोबदला जास्त मिळतो. अमेरिकेत २००८ च्या सुमारास रुग्णालयाबाहेरील केंद्रांत केलेल्या अशा उपचारांचे दर वाढवल्यावर त्या केंद्रांची संख्या आणि धमनीतला थर खरवडून काढणाऱ्या महागड्या उपकरणांचा वापर, दोन्ही झपाट्याने वाढले.

औषधांत रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारे ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन या दोन गोष्टी पायाभूत आहेत. सिलोस्टॅझॉलने चालण्याचे अंतर काहीसे वाढते, पण हृदय निकामी होण्याचा विकार असलेल्यांना ते देत नाहीत. मधुमेह असलेल्या ७९२ रुग्णांवरील स्ट्राइड या चाचणीत (२०२५) सेमाग्लुटाइड या मधुमेहावरील औषधामुळेही चालण्याच्या अंतरात वाढ दिसली. सहा महिने मनापासून चालून आणि औषधे घेऊनही रोजचे काम अडत असेल, तर अँजिओप्लास्टीचा विचार जरूर करावा.

प्रश्न : आईला मधुमेह आहे. पायाच्या बोटावरची जखम दीड महिना भरत नाही, पण दुखतही नाही. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहिला तेव्हा गुणोत्तर १.५ आले, म्हणजे रक्तपुरवठा उत्तम आहे असे आम्हाला सांगण्यात आले.

उत्तर : कृपया हे उत्तर वाचून झाल्यावर वाट पाहू नका. हे गुणोत्तर ०.९० किंवा त्याहून कमी असेल तर धमन्यांचा विकार आहे असे धरतात, परंतु १.४० च्या वरचा आकडा उत्तम प्रकृतीची खूण नसतो. दीर्घकाळच्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत चुना साचून ती इतकी कडक होते की रक्तदाबाच्या पट्ट्याने दबतच नाही, म्हणून आकडा खोटा चढतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब मोजतात, कारण तिथल्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर रक्तपुरवठा गंभीर प्रमाणात कमी आहे. जखम दुखत नाही यातही दिलासा नाही. मज्जातंतू बधिर झाल्याचे ते लक्षण असू शकते.

गेल्या दहा-बारा वर्षांत रुग्णालयांच्या कामकाजात झालेला मला सर्वांत मोलाचा वाटणारा बदल याच टप्प्यावरचा आहे. २०१४ मध्ये मांडलेल्या एका वर्गीकरणात जखम, रक्ताची कमतरता आणि जंतुसंसर्ग या तिन्हींना स्वतंत्र गुण देऊन पाय जाण्याचा धोका ठरवतात. त्यामुळे रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद, मधुमेहतज्ज्ञ आणि जखमेची काळजी घेणारे तज्ज्ञ एकाच रुग्णाकडे एकत्र पाहू लागले. पू झाला असेल तर तो आधी त्याच दिवशी काढावा लागतो, आणि धमनी उघडण्याचे काम त्यापाठोपाठ काही दिवसांत व्हावे लागते. जिथे असे पथक आहे, अशा रुग्णालयात आईला याच आठवड्यात न्यावे. पाय अचानक थंडगार व पांढरा पडला आणि हलवता येईनासा झाला, तर मात्र काही तासांचाच अवधी असतो. तेव्हा थेट तातडीच्या विभागात जावे.

प्रश्न : औषध लावलेल्या फुग्यामुळे मृत्यू वाढतात असे वाचले. माझ्या मांडीत असाच फुगा वापरला आहे.

उत्तर : डिसेंबर २०१८ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात पॅक्लिटॅक्सेल हे औषध लावलेली उपकरणे वापरलेल्या रुग्णांत काही वर्षांनी मृत्यू अधिक दिसले आणि जगभर त्यांचा वापर एकदम घटला. पुढे अधिक माहिती तपासल्यावर अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने जुलै २०२३ मध्ये, हा वाढीव धोका उपलब्ध माहितीवरून सिद्ध होत नाही, असे जाहीर केले. आपल्या शरीरातून काही काढण्याची गरज नाही. नियमित तपासणी चालू ठेवावी.

प्रश्न : गुडघ्याखालच्या सगळ्या धमन्या बंद आहेत, आता पाय कापण्यावाचून इलाज नाही, असे काकांना सांगितले आहे. शिरांतून उलटे रक्त पाठवण्याची पद्धत खरोखर आहे का?

उत्तर : आहे. धमनी आणि तिच्या शेजारची खोल शीर यांच्यात आतूनच जोड तयार करून धमनीतले रक्त शिरेतून पावलापर्यंत उतरवतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०५ रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांच्यासाठी दुसरा पर्याय उरला नव्हता, त्यांच्यापैकी ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांनी जिवंत होते आणि त्यांचा पायही शाबूत होता. मात्र जखम भरायला अनेक महिने लागतात, मधे पुन्हा हस्तक्षेप करावे लागू शकतात, आणि संसर्ग पावलात फार वर चढला असेल तर हा मार्ग बंद होतो.

पाय कापण्याचा सल्ला मान्य करण्यापूर्वी अशा कामाचा अनुभव असलेल्या केंद्राचे दुसरे मत घ्यावे, आणि पावलापर्यंतच्या धमन्या दाखवणारी अँजिओग्राफी झाली आहे का, हे आधी विचारावे. ती झालीच नसेल, तर ‘सगळ्या धमन्या बंद आहेत’ हा निष्कर्ष कशाच्या आधारे काढला, हे सल्ला देणाऱ्यांनीच आपल्याला सांगायला हवे.